पंधरा नोव्हेंबरची वाट

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या अंगणात दोरीवर कपडे दिसले आणि मला नवल वाटलं. अमेरिकेत कपडे बाहेर वाळत घातलेले सहसा दिसत नाहीत. मिशिगन राज्यात, लान्सिंगपासून तासाभराच्या अंतरावर मुलाचं घर आहे. गेल्या वर्षी तिथे जाऊन मला चार महिने झाले होते, पण कपड्यांची दोरी ही पहिलीच. जाड पँट, जाकीट, लोकरी मोजे, टोपी. दोन दिवस झाले, तीन दिवस झाले, मध्ये एक पाऊसही पडून गेला, तरी कपडे आत जाईनात. शेवटी न राहवून मी हिरवळीच्या कडेला जाऊन विचारलं.

शेजारी पंचाहत्तरीचे गृहस्थ. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. हसून म्हणाले, "घराचा वास जायला पाहिजे. साबणाचा, स्वयंपाकाचा, माझा स्वतःचा. हरणाचं नाक फार तिखट असतं."

"म्हणजे शिकार?"

"पंधरा नोव्हेंबर," ते म्हणाले.

आपल्याकडे सौंदत्तीला जाणारा माणूस यल्लम्माची पौर्णिमा जशी सांगतो, तशी त्यांनी ती तारीख सांगितली. मिशिगनमध्ये हरणाच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम दरवर्षी १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. वार कुठलाही असो, तारीख बदलत नाही. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी शाळांना त्या दिवशी सुट्टी असते. राज्यात हरणांचे शिकारी हल्ली सहा लाखांच्या आसपास आहेत आणि हरणं वीस लाखांच्या घरात. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शहराइतकी माणसं एकाच पहाटेची वाट बघत असतात.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सूनबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. त्या धारवाडच्या, घर पूर्ण शाकाहारी. आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं, पण राग आला की त्यांचं कन्नडच बाहेर येतं. "अदेल्ला ब्याड्री मामा," त्या म्हणाल्या, "पोराला त्या नादाला लावू नका."

पोर म्हणजे माझा अकरा वर्षांचा नातू. तो दारात उभा राहून सगळं ऐकत होता.

बंदुकीविना शिकार

शिकार म्हणजे बंदूक, धडाका आणि पडलेलं जनावर, असं आपल्याला वाटतं. शेजाऱ्यांबरोबर महिनाभर राहून मला कळलं की त्यातला बहुतेक वेळ बंदुकीविनाच जातो.

गावापासून वीस मिनिटांवर एका शेतकऱ्याचं रान होतं. मका आणि सोयाबीनची शेतं आणि मध्ये ओकच्या झाडांचं एक बन. तिथे शिकार करायला शेजाऱ्यांनी त्या शेतकऱ्याची परवानगी घेतली होती. दरवर्षी उन्हाळ्यात ते त्याला एक दिवस कुंपण दुरुस्त करायला मदत करतात आणि त्याच वेळी पुन्हा विचारतात. "तीस वर्षं झाली, तरी विचारायचं," ते म्हणाले. शेतकऱ्यालाही ते बरं वाटतं, कारण हरणं त्याचा मका खातात.

एका रविवारी ते मला त्या बनात घेऊन गेले. नातूही हट्टाने आला. सूनबाईंनी "फक्त चालायचं असेल तर" या अटीवर सोडला, आणि वर त्याला सगळ्यात भडक रंगाचं जाकीट घातलं.

शेजारी आम्हाला खुणा दाखवत चालले. एका कोवळ्या झाडाची साल गुडघाभर उंचीवर खरवडलेली होती. नराने शिंगं घासली होती. जरा पुढे एका झुकलेल्या फांदीखाली पाचोळा दूर सारून माती उकरलेली. तीही नराचीच खूण, मादीला निरोप. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांचा माजाचा काळ असतो, नर तेव्हा बेसावध होतात. ओकची फळं कुठे जास्त पडलीत, पायवाट कुठून कुठे जाते, पाण्याकडे कधी जातात, हे सगळं ते एका लहान वहीत लिहून ठेवत होते.

मग त्यांनी खिशातून एक वाळलेली शेंग काढली. त्यातला पांढरा रेशमासारखा कापूस चिमटीत धरून सोडला. तो तरंगत तरंगत पूर्वेकडे गेला. वारा कुठून कुठे वाहतोय ते पाहायचं होतं.

"अज्जा, म्हातारी!" नातू ओरडला.

खरंच म्हातारीच होती ती. लहानपणी आपण जिच्यामागे धावतो ती. ते झाड आपल्या रुईच्याच कुळातलं निघालं. आमचे अप्पा वाऱ्याचा अंदाज घ्यायला चिमूटभर माती हातातून सोडत. साठ वर्षांनी, सात समुद्रांपलीकडे, मला ती माती आठवली. त्या दिवशी मी फार काही बोललो नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत तयारीला वेग आला. नेमबाजीच्या मैदानावर जाऊन बंदुकीची दुर्बीण जुळवून घेतली. शंभर यार्डांवर कागद लावून गोळ्या मारायच्या, मग दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा मारायच्या. झाडावर बांधायची बैठक काढून तिचे पट्टे आणि बोल्ट तपासले. कमरेचा सुरक्षापट्टा नवा घेतला, कारण झाडावरच्या बैठकीवरून पडून जायबंदी होणं हा तिथल्या शिकाऱ्यांचा नेहमीचा अपघात आहे. सुऱ्यांना धार लावली. तळघरातला फ्रीझर रिकामा केला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "दरवर्षी रिकामा करतात. दरवर्षी भरतोच असं नाही."

कागद आणि केशरी रंग

शेजाऱ्यांची नात तेरा वर्षांची. तिचा हा पहिलाच हंगाम होता. मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० नंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा परवाना काढायचा तर आधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. आजोबांचा जन्म त्याआधीचा, त्यांना तो लागू नाही. तरी नातीबरोबर वर्गात ते सगळे तास बसले.

तिने मला तिची पुस्तिका दाखवली. चार नियम मोठ्या अक्षरांत छापलेले होते. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळी नेहमी धोका नसलेल्या दिशेला ठेवा. मारायची वेळ येईपर्यंत चापावर बोट ठेवू नका. आणि चौथा: लक्ष्य नीट ओळखा, आणि त्याच्या मागे काय आहे ते आधी पाहा.

चौथा नियम मी दोनदा वाचला.

बाकीचे नियमही कडक आहेत. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच बंदूक चालवता येते. परवान्याबरोबर एक चिठ्ठी मिळते. हरिण पडलं की त्यावर तारीख भरून ती त्याला बांधायची. एक चिठ्ठी, एक हरिण. मग बहात्तर तासांच्या आत सरकारला कळवायचं. अंगावर केशरी रंगाचं जाकीट किंवा टोपी हवीच, आणि ती सगळ्या बाजूंनी दिसली पाहिजे. हरणाला तो रंग आपल्यासारखा झगझगीत दिसत नाही, माणसाला मात्र दुरून दिसतो. म्हणजे तो केशरी रंग हरणासाठी नाहीच, तो दुसऱ्या शिकाऱ्यासाठी आहे.

मी शेजाऱ्यांना म्हटलं, "इतके कागद, इतके नियम. मजा राहते का?"

ते म्हणाले, "माझे वडील वरच्या द्वीपकल्पात शिकारीला जायचे. १९५७ पर्यंत मॅकिनॉचा पूल नव्हता. मोटारी घेऊन बोटीसाठी मैलोन् मैल रांगेत उभे राहायचे, रात्र रात्र. तेव्हाही मजा होतीच. वाट बघण्यात अर्धी मजा असते."

खंडेनवमी ते दिवाळी

वाट बघण्यातली मजा मला ठाऊक होती. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात ती खंडेनवमीला सुरू व्हायची.

अप्पांकडे बाराबोअरची दुनळी होती, पीकसंरक्षणाच्या परवान्याची. पावसाळाभर ती खुंटीवर असायची. नवमीच्या आदल्या दिवशी अप्पा ती उतरवून तेल देत, चिंध्यांनी नळ्या साफ करत. मग कोयता, विळा, नांगराचा फाळ आणि ती बंदूक, सगळ्यांची एकत्र पूजा. आपल्या कर्नाटकातच, कोडगूमध्ये, याचं आणखी ठसठशीत रूप आहे. तिथे भाताची लावणी आटोपली की सप्टेंबरच्या सुरुवातीला 'कैल पोळ्द' हा सण येतो. लावणीच्या काळात बाजूला ठेवलेल्या बंदुका त्या दिवशी कळलावीच्या लाल-पिवळ्या फुलांनी सजवून पुजतात. पूर्वी तिथून शिकारीचा काळ सुरू व्हायचा. आता नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा होतात.

आमच्याकडे नवमीनंतर गावात एकच बोलणं असे. मराठीत शिकार, कन्नडमध्ये ब्याटी. भात पोटरीला आलेलं, रानडुकरं रात्री खाली उतरायची, आणि दिवाळीच्या आधी एक मोठा हाका घालायचा ठरायचा. हाकेवाले कोण, कुठल्या खिंडीत कोण बसणार, कुत्री कुणाची, वाटे कसे घालायचे, यावर देवळाच्या कट्ट्यावर आठ-आठ दिवस चर्चा चालायची. कुत्र्यांचाही वाटा निघायचा.

आदल्या रात्री काडतुसं भरायचं काम माझ्याकडे. विकतची काडतुसं महाग. म्हणून वापरलेल्या काडतुसांत पुन्हा दारू, वर बोळा, मग छर्रे भरून तोंड मेणाने बंद करायचं. डुकरासाठी मोठे छर्रे लागत. ते अप्पा घरीच शिसं वितळवून पाडत. त्यामुळे ते थोडे ओबडधोबड असत. गावात बाकी दोघांकडे बंदुका होत्या, पण ते विकतची काडतुसं वापरत.

१९६६ सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा. अप्पांनी पहिल्यांदाच मला बरोबर नेलं. एका खिंडीच्या तोंडाशी कारवीच्या दाट झुडपांआड आम्ही बसलो. "सुम्न कुंद्रु," अप्पा कुजबुजले. पलीकडच्या उतारावरून डबे वाजायला लागले, आरोळ्या जवळ आल्या. झुडपं जोरात हलली. अप्पांनी दोन्ही नळ्या झाडल्या. त्याच सुमाराला डावीकडूनही एक बार झाला.

मग डब्यांचे आवाज थांबले आणि एक माणूस ओरडला.

आमच्याच शेतात राबणारा गडी होता तो. डुक्कर वळून गेलं होतं आणि हा त्याच्या मागून धावत पुढे आला होता. छर्रे गुडघ्यात आणि मांडीत घुसले होते. कांबळ्यात घालून त्याला खाली आणलं, बैलगाडीतून डॉक्टरांकडे नेलं. तो वाचला. पाय मात्र कायमचा आखडला.

गोळी कुणाची, हे कुणालाच कळलं नाही, असं गावात ठरलं. तीन बंदुका होत्या, धांदल होती. पण डॉक्टरांनी काढलेले छर्रे एका बशीत ठेवले होते, आणि मी अप्पांच्या शेजारी उभा होतो. ते ओबडधोबड होते. अप्पांनी बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. त्या दिवशीच नाही, पुढे कधीच नाही.

पुढच्या वर्षी अप्पांनी त्या गड्याला वरकस जमिनीचा एक तुकडा नावावर करून दिला. लोकांना तो अप्पांचा मोठेपणा वाटला. बंदूक त्यांनी पुन्हा चालवली नाही. खंडेनवमीला तेल द्यायचे, पूजा करायचे, निवडणूक आली की नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि नंतर परत आणायचे. ते गेल्यावर मी ती सरकारजमा केली. भिंतीवर डुकराचे दोन सुळे मात्र अजून आहेत. घरी येणाऱ्या पाहुण्यांना, मुलांना, नातवाला मी आजवर त्या सुळ्यांचीच गोष्ट सांगत आलो. आमचे अप्पा मोठे शिकारी होते, एवढीच.

उशिरा आलेलं शहाणपण

मिशिगनचे लोक जन्मतःच शहाणे होते असं कुणी समजू नये. याच राज्यात पेटोस्की नावाच्या गावाजवळ १८७८ साली प्रवासी कबुतरांची प्रचंड वसाहत उतरली होती. शिकाऱ्यांनी ती घरट्यांवरच मारली आणि पिंपं भरभरून रेल्वेने शहरांत विकायला पाठवली. आकाश झाकून टाकणारे अब्जावधी पक्षी होते ते. त्या जातीतला शेवटचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. हरणांचीही तीच गत होत होती. १९०० च्या सुमाराला सगळ्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम पाच लाख उरली होती असा अंदाज आहे. मांस आणि कातडी विकण्यासाठी होणारी शिकार बंद झाली, हंगाम ठरले, संख्या ठरली. १९३७ मध्ये बंदुका आणि काडतुसांवर बसलेला कर वन्यजीवांसाठी राखून ठेवणारा कायदा झाला. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर तो ११ टक्के आहे, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. आज तिथे हरणं सुमारे तीन कोटी असल्याचं मानतात. आता उलट अडचण झाली आहे. लांडगे बहुतेक भागांतून गेलेले, हरणं वाढलेली. एकट्या मिशिगनमध्ये वर्षाला पन्नास हजारांहून अधिक मोटारी हरणांना धडकतात.

आपली वाट वेगळी होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात ठरावीक जनावरांच्या शिकारीसाठी परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीची ती दारंही बंद झाली. माणसाच्या जिवावर उठलेल्या किंवा पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमाने काही करता येतं, तेवढंच. मला हे योग्यच वाटतं. आमच्या हाक्यात किती जनावरं मारायची याला मोजमाप नव्हतं, नर की मादी हे कुणी बघत नव्हतं, कुणाच्या मागे कोण आहे हे तर नाहीच. अशा हातांत जंगल उरलं नसतं. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला आज भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं. ते उरलं, हे आपलं नशीब.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या वाचकांपैकी अनेकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. त्याच नोव्हेंबरात मी गावाकडे चुलतभावाला फोन केला. तिकडे मध्यरात्र होत आली होती, तरी त्याने लगेच उचलला. तो शेतात माळ्यावर बसला होता. भात कापणीला आलेलं. आदल्या रात्री डुकरांनी एक कोपरा लोळवून टाकला होता, वर गव्यांचा कळप येऊन गेला होता. हातात बॅटरी आणि डबा. नुकसानभरपाईचा अर्ज करायचा, पंचनामा व्हायचा, पण झोप कोण भरून देणार? "तुझ्या त्या अमेरिकेत लोक जनावरांची वाट बघत बसतात," तो म्हणाला, "आम्ही ती येऊ नयेत म्हणून बसतो."

सातच्या सुमाराला

पंधरा नोव्हेंबरला मी पहाटेच जागा झालो. बाहेर काळोख, गवतावर पांढरं दंव. शेजारची गाडी चार वाजताच गेली होती. जाण्याआधी संध्याकाळी ते आमच्याकडे येऊन गेले होते. कुठल्या झाडावर कोण बसणार, परत कधी येणार, हे एका कागदावर लिहून तो त्यांनी आपल्या पत्नीकडे दिला होता आणि एक प्रत माझ्या मुलाकडे. "उशीर झाला तर कुठे शोधायचं ते माहीत पाहिजे," ते म्हणाले.

नातवाच्या शाळेला सुट्टी होती. तो माझ्याशेजारी खिडकीत येऊन बसला. सातच्या सुमाराला, अजून सूर्य वर आला नव्हता, तेव्हा लांबून पहिला बार ऐकू आला. मग दुसरीकडून एक. मग काही वेळ शांत. सूनबाई चहा करत होत्या. त्या म्हणाल्या, "नियमाने मारलं म्हणून त्याला कमी लागतं का मामा?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. त्यांचा प्रश्न खोडून काढायला मी हा लेख लिहीत नाही.

संध्याकाळी सहा वाजता गाडी परत आली. मागे काहीच नव्हतं. नात कुणाशी न बोलता आत गेली. शेजारी बूट काढत पायरीवर बसले आणि मला सांगू लागले. ती दोघं एकाच बैठकीवर होती. दिवसभर काही दिसलं नाही. अंधार पडायच्या सुमाराला एक मोठा नर उताराच्या माथ्यावर येऊन आडवा उभा राहिला. अंतर कमी, नेम सोपा. नातीने बंदूक खांद्याला लावली. कायद्याची वेळ संपायला अजून दहा मिनिटं होती.

"तिने मारलं नाही," ते म्हणाले. "तो माथ्यावर होता. त्याच्या मागे नुसतं आकाश. माथ्यापलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. तिने बंदूक खाली घेतली. मग रडली. गाडीत सगळा रस्ता रडत होती."

"तुम्ही सांगितलंत तिला, मारू नको म्हणून?"

"नाही. मी गप्प होतो. पलीकडच्या अंगाला शेतकऱ्याचं कुंपण आहे, तो कधी कधी संध्याकाळी तिथे असतो. मला माहीत होतं. तिने स्वतः ओळखायला हवं होतं." जरा थांबून ते म्हणाले, "नसतं ओळखलं तर नळी मी धरली असती. पण तिने ओळखलं."

ते उठून आत गेले. मी तसाच पायरीशी उभा राहिलो. त्या खिंडीत, त्या कारवीसमोर, आम्ही दोघं होतो. झुडपं हलली आणि अप्पांनी बार टाकला. झुडपामागे काय आहे, हे त्यांनी पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. आम्हाला कुणी ते पाहायला शिकवलंच नव्हतं. पंधरा दिवस आम्ही जी तयारी केली त्यात तेल होतं, पूजा होती, शिसं होतं, वाटे ठरलेले होते. ही एक गोष्ट तेवढी नव्हती.

त्या हंगामात शेजाऱ्यांना शेवटच्या आठवड्यात एक मादी मिळाली. चिठ्ठी बांधली, कळवलं, घरच्या टेबलावर मांस कापून पाकिटं केली. थोडी पाकिटं त्या शेतकऱ्याच्या घरी गेली. आमच्या घरी अर्थातच आलं नाही. त्यांच्या पत्नीने सूनबाईंसाठी भोपळ्याचा गोड पाव पाठवला आणि सूनबाईंनी परत डब्यात धारवाडी पेढे घालून दिले. नातीने पुन्हा बंदूक उचलली नाही. पण कपडे पुढच्या वर्षी वाळत घालायला मदत करणार, असं तिने आजोबांना सांगितलं होतं.

डिसेंबरात मी बेळगावला परत आलो. यंदा खंडेनवमीला रिवाजाप्रमाणे विळा, कोयता, मुलाची जुनी मोटारसायकल यांची पूजा झाली. बंदुकीच्या रिकाम्या खुंटीला आम्ही अजून झेंडूची माळ घालतो. संध्याकाळी नातवाचा फोन आला. शेजाऱ्यांच्या दोरीवर पुन्हा कपडे दिसायला लागलेत, असं सांगत होता. मग म्हणाला, "अज्जा, ती डुकराच्या सुळ्यांची गोष्ट परत सांग ना."

मी खुर्ची ओढून बसलो. या वेळी सुळ्यांपासून सुरुवात केली नाही. डॉक्टरांच्या त्या बशीपासून केली.